दप्तरवाल्याचा बाप

सिस्तो दाल पोंतला आमच्या वाल्सेरा गावात कोणी शिपाई म्हटलं असतं तर सगळ्यात आधी सिस्तोच हसला असता. त्याच्या हातात आम्ही उभ्या जन्मात एकच शस्त्र पाहिलं, पोलेंता घोटायचा लाकडी दांडा. लग्न असो, चर्चचा उत्सव असो, नाहीतर नुसतंच कोणाला तरी वाटलेलं असो की आज जमावं. मैदानात तांब्याचा हंडा चढायचा, खाली लाकडं धडधडायची, मक्याचं पीठ बुडबुडायला लागायचं आणि त्या धुरात एक टोपी दिसायची. टोपीवर काळं पीस. पिसाखाली सिस्तो.

ती टोपी आल्पिनींची, म्हणजे डोंगरी पलटणीची. आमच्याकडे पोराला मिसरूड फुटली की सक्तीची नोकरी लागायची आणि डोंगरातल्या पोरांना ती टोपी मिळायची. पुढे नोकरी संपते, गुडघे जातात, दात जातात. टोपी जात नाही. टोपीवाल्यांनी एकमेकांना 'तू'च म्हणायचं, समोर जनरल का असेना. त्यांच्यातला कोणी वारला तर 'मेला' म्हणायचं नाही, 'पुढे गेला' म्हणायचं. जसा काही वरच्या वळणावर दगडावर बसून बाकीच्यांची वाट बघतोय. आणि लोकांनी त्यांना काय समजायचं? तर गाणारे, पिणारे, पोलेंता खिलवणारे म्हातारे. सपाटीवरच्या शहरांतली माणसं उत्सवाला यायची आणि म्हणायची, "किती गोड असतात नाही हे आल्पिनी!" पलटणीला 'गोड' म्हणतात यात काहीतरी चुकतंय, हे कोणाच्या ध्यानात यायचं नाही. आल्पिनींच्याही नाही. उलट ती समजूत त्यांनीच वर्षानुवर्षं वाइन घालून पोसली होती.

सिस्तो पलटणीत खेचर सांभाळायला होता. तोफ सुटी करायची, तिचे तुकडे खेचरांच्या पाठीवर बांधायचे, आणि जिथे शेळीही दोनदा विचार करते तिथे चढायचं, असं ते काम. त्याच्या खेचरीचं नाव बर्ता.

"बर्तानं मला दोनदा लाथ मारली, ओनोरिनानं एकदाच," तो सांगायचा. "म्हणून लग्न बायकोशी केलं."

"दुसरी बाकी आहे," ओनोरिना भांडी पुसता पुसता म्हणायची. "घाई नाही मला."

हा विनोद आम्ही इतक्यांदा ऐकला होता की सिस्तोला खोकला आला तर बाकीचा आम्हीच पुरा करायचो. दुसरी गोष्ट भूकंपाची. शहात्तर साली फ्रिउलीत जमीन हलली, गावंच्या गावं झोपली आणि आमच्या गावच्या माजी आल्पिनींच्या टोळीतले टोपीवाले ट्रकमध्ये बसून मदतीला गेले. तिथे हंडा मिळेना म्हणून सिस्तोने पांढऱ्याशुभ्र न्हाणीच्या टबात अख्ख्या गावाची पोलेंता केली. टब कोणाचा होता, तर पाद्रीबुवांचा. इथे सगळे हसायचे. टब शिल्लक होता म्हणजे त्याच्याभोवतीचं घर नव्हतं, हे कोणी मोजत नसे. हंडा-टब ही पुढची गोष्ट. त्याआधी तिथे सिस्तोच्या हातात दांडा नव्हता, फावडं होतं, आणि फावड्यानेही पुढे पुढे चालेना म्हणून नुसते हात. ते त्याने कधी सांगितलं नाही. ओनोरिनाला एवढंच ठाऊक, की त्या वर्षी घरी परतल्यावर नवरा कित्येक महिने दाराला कडी घालू देईना. थंडीतसुद्धा दार किलकिलं ठेवून झोपायचा.

त्यांना मुलगा उशिरा झाला. मोरेनो. दांडगा, लाजरा, हाताने चांगला. तो वयात आला तोवर सरकारने सक्तीची नोकरी बंद केली होती. आता ज्याला हवं त्याने जायचं, पगार घ्यायचा आणि पाठवतील तिथे जायचं. वाल्सेरातून एकटा मोरेनो गेला. टोळीतल्या म्हाताऱ्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. गावात पुन्हा एक काळं पीस आलं, तेही काळे केस असलेल्या डोक्यावर. टोळीचा नायक जेलिंदो फोंतानिवे, जन्मभर टपाल वाटलेला माणूस, डोळे पुसून म्हणाला, "आता आपल्याला खांदा द्यायला एक जण तरी सरळ पाठीचा आहे." त्या दिवशी हंडा तीनदा चढला.

मग मोरेनोची पलटण अफगाणिस्तानात गेली. टीव्हीवर सांगायचे, ही शांतता मोहीम आहे. मोरेनोने घरी एकच फोटो पाठवला. मातीच्या भिंतीपुढे तो उकिडवा बसलाय, समोर मुलांची रांग, आणि तो एकेकाच्या हातात निळं दप्तर देतोय. सिस्तोने त्याची मोठी प्रत काढली आणि बाइतात, म्हणजे टोळी जमायची त्या लाकडी घरात, बाटल्यांच्या फळीवर लावली. नावही त्यानेच ठेवलं.

"माझा बाप खेचरवाला, मी खेचरवाला," तो प्याला उंचावून म्हणाला, "आणि माझं पोरगं दप्तरवाला! प्रगती आहे की नाही?"

नाव चिकटलं. मोरेनो सुटीवर आला, की बाइताचं दार उघडायच्या आत आरोळी उठायची.

"आला रे दप्तरवाला! माझ्या नातवाला पेन्सिली आणल्यास का?"

"सरकार पैसे कशावर उडवतंय बघा, पोस्टमन पाठवला असता तर स्वस्तात झालं असतं!" हे जेलिंदोचं.

मोरेनो हसायचा. प्याला घ्यायचा. एकदा कोणीतरी विचारलं, "काय रे, तिथे गोळीबिळी चालवावी लागते का कधी?" मोरेनोने तोंड उघडलं होतं. पण त्याच्या आधी सिस्तो बोलला.

"हा? अरे, ससा कापायच्या दिवशी हा गवताच्या माळ्यावर लपून बसायचा! आईला शोधावं लागायचं. गोळी म्हणे."

सगळे हसले. मोरेनोही हसला, सिगारेट ओढून येतो म्हणाला आणि बाहेर गेला. टेबलाच्या टोकाला तोनी बाल्दो बसलेला असायचा, नव्वदी ओलांडलेला. तरुणपणी रशियाच्या बर्फातून पायी परतलेल्यांपैकी. त्याला आम्ही दर हिवाळ्यात विचारायचो, "काय तोनी, रशियात याहून गार होतं का रे?" आणि तो म्हणायचा, "होतं." त्या दिवशी तेवढा तोनीच मोरेनो गेला त्या दाराकडे बघत राहिला. मग त्यालाही डुलकी लागली.

मोरेनो कायमचा परत आला, पलटण सोडून. एका लाकूडकटाईच्या कारखान्यात लागला. आणि एके वसंतात, पियावे नदीच्या काठच्या रस्त्यावर, सरळ रस्ता, कोरडी हवा, समोरून कोणी नाही, त्याची गाडी पुलाच्या कठड्यावर गेली आणि मोरेनो 'पुढे गेला'. पोलीस म्हणाले, झोप लागली असेल. सिस्तोने 'झोप' हा शब्द दोन्ही हातांनी धरून ठेवला. भेटेल त्याला सांगायचा, "दमला होता हो. डुलकी लागली."

दर चार नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध आमच्याकडे संपलं त्या तारखेला, आमच्या चौकात दगडी स्मारकापुढे टोपीवाले उभे राहतात. जेलिंदो दगडावर कोरलेली नावं एकेक करून वाचतो आणि प्रत्येक नावाला सगळे मिळून ओरडतात, "हजर!" शंभर वर्षांपूर्वी बर्फाखाली गेलेला असो की रशियात राहिलेला, त्या दिवशी तो हजर असतो. सिस्तोला एवढंच हवं होतं. दगडावर कोरू नका, पण मोरेनोचं नाव हाकेत घ्या. बाकी काही त्याने आयुष्यात मागितलं नव्हतं. हंड्याखालची लाकडंसुद्धा घरची आणायचा.

"सिस्तो, तू मला भावासारखा," जेलिंदो म्हणाला. "पण हाक लढाईत पडलेल्यांची असते."

"तो पलटणीत होता."

"होता. गेला तो गाडीत. मग परवा तुझ्या मेव्हण्याने झाडावर ट्रॅक्टर घातला, त्यालाही घेऊ? टोपी त्याचीही होती."

"मेव्हणा प्यालेला होता."

"आणि खरं सांगू का," जेलिंदो आवाज खाली आणून म्हणाला, "लढाई तरी कुठे होती रे तिथे? दप्तरं वाटत होता पोरगा. तूच तर सांगत होतास."



सप्टेंबरात एक तरुण बाई त्याच्या दारात आली. बारीक, उन्हाने रापलेली, हातात टोपी, टोपीला काळं पीस. म्हणाली, "तुम्ही मोरेनोचे वडील ना? मी निव्हेस तोर्मेन. फेल्त्रेची. आमची तुकडी एकच होती. अंत्यविधीला यायला जमलं नाही, परदेशी होते."

"टोपी आहे ना तुझी? मग 'तू' म्हण," सिस्तो म्हणाला. "बस. ओनोरिना बहिणीकडे गेलीय. जेवून जा."

तो चुलीपुढे उभा राहिला आणि घोटायला लागला. पोलेंता घोटताना माणसाला समोरच्याकडे बघावं लागत नाही, हा तिचा मोठा गुण. निव्हेस टेबलाशी बसून चीज कापत होती.

"तिथे दप्तरं तुम्ही किती दिवस वाटलीत?" त्याने विचारलं. त्याला वाटलं, पोरीला सोपं जावं.

"एकदा. एक सकाळ," ती म्हणाली. "फोटोवाला आला होता त्या दिवशी."

"आणि बाकी वेळ?"

तिने सुरी खाली ठेवली. "बाकी वेळ आम्ही चढत होतो. खालच्या दरीतून गाड्या जायच्या, धान्याच्या, डिझेलच्या. गाड्या जायच्या आधी दोन्ही बाजूंच्या डोंगरधारा कोणीतरी धरून ठेवायच्या असतात. रणगाडा वर चढत नाही. मग आम्हीच. पाठीवर पाणी, गोळ्या, सगळं. डोंगरी पलटण आहे ना, म्हणून आम्हालाच."

"खेचरं नव्हती?"

"आम्हीच होतो की," ती म्हणाली आणि दोघंही थोडं हसले. "मोरेनोकडे मशीनगन असायची. सगळ्यात जड. कोणाला उचलू द्यायचा नाही."

सिस्तोचा दांडा चालू होता.

"एकदा धारेवर आमचे दोघं पडले. जखमी. त्यांना खाली न्यायला चार-चार माणसं लागणार, म्हणजे वर कोणी उरतच नव्हतं. मोरेनो म्हणाला, तुम्ही व्हा खाली, मी बसतो. आणि बसला. पलीकडून माणसं चढत होती. आम्हाला खाली फक्त आवाज ऐकू येत होता, त्याच्या गनचा. थांबला की जीव जायचा, सुरू झाला की यायचा. संध्याकाळी वर गेलो तेव्हा तो बसलेला होता. चढणारे... ते कोणी पोचले नव्हते. फार लांब नव्हते, सिस्तो. चेहरे दिसत होते."

हंड्याच्या तळाला पोलेंता लागायला लागली. वास सुटला. सिस्तोला तो वास कळायला उशीर झाला. असं त्याचं कधी होत नसे.

"त्यानंतर तो तिथेही कमीच बोलायचा. म्हणायचा, घरी जाऊन सांगणार काय? घरी सगळं आधीच सांगून झालंय." निव्हेसने चिजाचा तुकडा बोटांनी चुरला. "गावात त्याला दप्तरवाला म्हणायचे म्हणे. असलं नाव कोणाला सुचलं कोण जाणे."

सिस्तोने हंडा उतरवला. पाटावर पोलेंता पालथी केली, पिवळीधमक, तळाशी जळलेली. दोऱ्याने कापली. मग म्हणाला, "झोप लागली त्याला गाडीत. पोलिसांनी सांगितलं."

ती तरुण होती. खोटं बोलायचा सराव अजून पुरता झाला नव्हता.

"झोप," ती हळू म्हणाली. "त्याला झोप कुठे यायची, सिस्तो. तिथून आल्यापासून."

दोघांनी जळकी बाजू काढून ठेवली आणि उरलेलं खाल्लं. ती गेल्यावर सिस्तोने दार लोटलं नाही.

त्याने हे ओनोरिनाला सांगितलं नाही. सांगू, असं रोज म्हणायचा. ती रोज संध्याकाळी मोरेनोच्या खोलीत जायची, खिडकी उघडायची, बंद करायची आणि येऊन म्हणायची, "एवढं बरं, की त्या मुलांना तरी आठवण राहील माझ्या पोराची. लिहीत असतील कुठेतरी त्या वह्यांत." मग सिस्तो लाकडं आणायला बाहेर जायचा.

ऑक्टोबरात जेलिंदो धावत आला, म्हणजे त्याच्या गुडघ्यांना जेवढं जमेल तेवढं. "झालं तुझं काम! नगराध्यक्षबाईंना कल्पना फार आवडली. मोरेनोला हाकेत घ्यायचं! त्या स्वतः भाषण करणार आहेत, शाळेची पोरं येणार आहेत, वर्तमानपत्रवाला येणार आहे. काय? तोंड असं का केलंस? तुला हेच हवं होतं ना?"

"हेच हवं होतं," सिस्तो म्हणाला.

चार तारखेला चौकात कधी नव्हे एवढी गर्दी होती. टोपीवाल्यांची रांग, जरा वाकडी, पोटांमुळे. निव्हेस तिच्या तुकडीतल्या दोघांना घेऊन गणवेशात आलेली. ओनोरिना काळ्या कोटात पहिल्या ओळीत. आणि स्मारकाच्या बाजूला, तीन पायांच्या चौकटीवर, माणसाएवढा मोठा करून तो फोटो.

नगराध्यक्षबाई चांगल्या होत्या. मनापासून बोलल्या. म्हणाल्या, आमच्या मोरेनोने हातात शस्त्र नाही, दप्तर घेतलं. म्हणाल्या, जुने आल्पिनी युद्धाला गेले, नवे आल्पिनी मैत्रीला जातात. शाळेच्या पोरांनी निळे कागदी झेंडे हलवले. बायका रडल्या. ओनोरिना रडली आणि तिच्या चेहऱ्यावर, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, थोडं ऊन आलं.

जेलिंदोने दगडावरची नावं वाचली. हजर. हजर. हजर. मग त्याने खिशातून चिठ्ठी काढली, छाती फुगवली आणि टपालखात्यातल्या आवाजात ओरडला, "आल्पिनी मोरेनो दाल पोंत! शांतीचा दूत! मुलांचा मित्र!"

"हजर!" चौक दणाणला. इतर कोणत्याही नावाला इतका मोठा हजर झाला नव्हता.

सिस्तो ओरडला नाही. रांगेतून एक पाऊल पुढे आला. लोकांना वाटलं, आभार मानायला आलाय. कोणीतरी टाळ्यासुद्धा सुरू केल्या.

"असं नको, जेलिंदो," तो म्हणाला. ध्वनिक्षेपकापासून लांब होता, तरी ऐकू आलं. "परत वाच. नुसतं नाव वाच."

"सिस्तो, अरे, सगळे बघतायत..."

"बघू देत. दप्तरवाला हे नाव मी ठेवलं होतं. मजेत ठेवलं. तो आला तेव्हा मी त्याला विचारलं नाही, तिथे काय केलंस म्हणून. तुम्हीही नाही विचारलंत. दप्तरं त्याने एक सकाळ वाटली. बाकी सगळे दिवस तो मशीनगन पाठीवर घेऊन डोंगर चढत होता आणि एकदा संध्याकाळपर्यंत वर एकटा बसला होता. त्याने आपली माणसं खाली आणली. त्यासाठी दुसऱ्यांची माणसं मारली. जवळून." इथे त्याने फोटोकडे बोट दाखवलं. "माझ्या पोराला हाक द्यायची तर त्याला द्या. फोटोला देऊ नका."

नगराध्यक्षबाई हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या, कागदात पुढे काहीच नव्हतं. मास्तरणीने पोरांचे झेंडे खाली घ्यायला लावले. पण जेलिंदो शेवटी टोपीवाला होता. त्याने चिठ्ठी दुमडली, टाचा जुळवल्या आणि साध्या आवाजात म्हणाला, "आल्पिनी मोरेनो दाल पोंत."

ज्यांनी बाइतात सगळ्यात मोठ्याने 'दप्तरवाल्या' म्हणून हाक मारली होती, ते पायांखालच्या फरशीकडे बघत होते. मग निव्हेसचा आवाज आला, बाईमाणसाचा, स्पष्ट, "हजर." तिच्या बरोबरच्या दोघांचा. बऱ्याच वेळाने, चाकाच्या खुर्चीतून, तोनी बाल्दोचा, फाटलेला. आणि मग इकडून एक, तिकडून एक, खालच्या मानेने. एकत्र असा 'हजर' झालाच नाही. वर्तमानपत्रवाल्याने वही केव्हाच मिटली होती.

त्या दिवशी बाइतात जेवायला थोडेच आले आणि गायला कोणी नाही. जेलिंदोने फळीवरचा फोटो काढू का, असं विचारलं, सिस्तो म्हणाला, "तुझं तू ठरव." संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा ओनोरिना कोट न काढता स्वयंपाकघरात बसलेली होती.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"सप्टेंबरात. ती निव्हेस आली होती."

"आणि मला चौकात ऐकवलंस. सगळ्यांबरोबर."

"चुकलंच," सिस्तो म्हणाला. "मला सांगायला तोंड होईना. तुझ्याजवळ ती मुलं तरी होती. वह्या होत्या. त्या काढून घ्यायच्या आणि त्या जागी हे ठेवायचं..."

"हो. घेतल्यास तू त्या," ती म्हणाली. रागाने नाही. तिने टेबलावर पडलेला ब्रेडचा चुरा तळहाताने गोळा केला, पुन्हा पसरला. सिस्तो उभाच होता; बस म्हणण्याचा हक्क तिचा होता आणि ती म्हणत नव्हती.

"वर एकटाच बसला होता म्हणालास," ती शेवटी बोलली. "संध्याकाळपर्यंत."

"हो."

"थंडी होती का रे तिथे वर? अंगात काय होतं त्याच्या?"

सिस्तोने आठवून बघितलं. निव्हेसने गनचं सांगितलं होतं, पाण्याचं, जखमींचं. हे त्याने विचारलंच नव्हतं.

"मला माहीत नाही, ओनोरिना."

"मग तिला विचार," ती म्हणाली आणि कोटाची बटणं सोडायला लागली. "रविवारी जेवायला बोलाव. मी विचारीन."